चित्रफीत संपल्यावर

शाळेत एखादी चित्रफीत दाखवून झाली की आपण शिक्षक बहुधा एकच प्रश्न विचारतो, 'कशी वाटली?' मुले एका सुरात 'छान!' म्हणतात, घंटा होते आणि तास संपतो. चित्रफीत खरोखर चांगली होती का, हे या उत्तरावरून कळत नाही. अंधार केलेल्या वर्गात, गणिताच्या तासाऐवजी दाखवलेली कोणतीही चित्रफीत मुलांना छानच वाटते.

पुस्तकाची परीक्षा कशी करावी, याबद्दल आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. शैक्षणिक चित्रफितींची परीक्षा मात्र क्वचितच होते. आज प्रत्येक शाळेत निदान एका शिक्षकाच्या खिशात पडदा आहे आणि चित्रफितींचा तर पूर आला आहे. या चित्रफिती कोण करते, कोणाच्या पैशाने करते आणि करणाऱ्याचे पोट त्यावर भरते का, हे प्रश्न चित्रफितीच्या गुणवत्तेपासून वेगळे काढता येत नाहीत. हे माझ्या ध्यानात आले ते एका जुन्या विद्यार्थिनीमुळे.

दोन चित्रफिती, एक बारव

ही मुलगी शाळेत असताना प्रयोगवहीत आकृत्या फार नेटक्या काढायची. पुढे तिने चित्रीकरण आणि संकलन शिकून घेतले. वारसा-जतनाचे काम करणाऱ्या एका संस्थेने तिला मराठवाड्यातील एका बारवेवर तीन मिनिटांची चित्रफीत करायला सांगितली. ती तयार झाल्यावर तिने मला आणून दाखवली आणि मी ती आठवीच्या वर्गात लावली.

चित्रफीत देखणी होती. ड्रोनमधून घेतलेले बारवेचे दृश्य, उतरत्या पायऱ्यांवर सरकणारी सावली, मागे बासरी. शेवटी देणगीदारांची नावे. मुले अर्थातच 'छान' म्हणाली. मग मी विचारले, "या बारवेला पायऱ्या कशासाठी आहेत?" वर्ग गप्प. एक जण म्हणाला, "शोभेसाठी." दुसरी म्हणाली, "राजाला बसायला."

मुलांचा यात दोष नव्हता. तीन मिनिटांत पाणी एकदाच दिसले होते, तेही आभाळाचे प्रतिबिंब दाखवण्यासाठी. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये पाणी साठते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि खालच्या खडकाच्या भेगांत. पावसाळा संपताना ही पातळी वर असते आणि वैशाखात ती खोल जाते. पातळी कुठेही असली तरी माणसाला घागर घेऊन तिथवर पोहोचता यावे म्हणून पायऱ्या. म्हणजे बारव ही जशी वास्तू आहे, तसे ते भूजलाची पातळी दाखवणारे एक साधनही आहे. चित्रफितीत वास्तू होती, पण तिचे काम कुठेच नव्हते.

वर्गातली उत्तरे मी तिला जशीच्या तशी सांगितली. ती जरा हिरमुसली. मग पदरचे पैसे घालून ती त्याच बारवेवर दोनदा गेली, एकदा सप्टेंबरअखेर आणि एकदा मे महिन्यात. दोन्ही वेळा तिने कॅमेरा एकाच जागी, एकाच उंचीवर लावला. एका पायरीची उंची टेपने मोजून दाखवली आणि पाण्याबाहेर किती पायऱ्या आहेत ते कॅमेऱ्यासमोर मोजले. गावातल्या एका म्हाताऱ्या बाईंना विचारले, "तुमच्या लहानपणी मे महिन्यात पाणी कुठवर असायचं?" बाईंनी खाली उतरून एका पायरीवर हात ठेवला.

ही दुसरी चित्रफीत सात मिनिटांची आहे. तिला संगीत नाही, मधे वाऱ्याचा आवाज येतो आणि एका ठिकाणी चित्र हलते. पण ती वर्गात लावली तेव्हा मुलांनी मला मधेच थांबवायला लावले. पायऱ्यांची संख्या गुणिले पायरीची उंची, हे गणित एकाने फळ्यावर मांडले. "बाईंनी हात ठेवला ती पायरी आणि आताची पातळी यात इतका फरक का?" हा प्रश्न वर्गातूनच आला. तासभर बोअरवेल, ऊस आणि पाऊस यांवर चर्चा झाली.

संस्थेने पहिल्या चित्रफितीचे पैसे दिले. दुसरी तिने त्यांना दाखवली, तेव्हा 'माहितीपूर्ण आहे, पण जरा लांबली आहे' असे उत्तर मिळाले. माझ्याकडे येऊन ती म्हणाली, "सर, पहिलीसारख्या केल्या तर काम मिळतं, दुसरीसारख्या केल्या तर मला बरं वाटतं. यावर पोट कसं भरायचं?"

तिला लगेच उत्तर देणे मला जमले नाही. आपल्याकडे या क्षेत्रात आजवर झालेल्या काही कामांकडे तिच्या प्रश्नाच्या नजरेने पाहावे, असे तेव्हा ठरवले.

प्रसारणाची वेळ आणि तासाची वेळ

भारतात दूरचित्रवाणीचा शिक्षणासाठी मोठा प्रयोग पहिल्यांदा झाला तो १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत थेट कार्यक्रम पोहोचवले गेले. साइट या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. महाराष्ट्रातील गावे त्यात नव्हती. अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक प्रा. यशपाल यांनी या प्रयोगात मोठा वाटा उचलला. सकाळी शाळेच्या वेळात मुलांसाठी कार्यक्रम होत आणि त्यात विज्ञानाला मानाचे स्थान होते.

पुढे १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे महाविद्यालयीन कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले. त्याच वर्षी पुण्यात बालचित्रवाणी ही राज्याची संस्था उभी राहिली. चाळिशी ओलांडलेल्या अनेक वाचकांना तिचे कार्यक्रम आठवत असतील. मराठीतून, आपल्या अभ्यासक्रमाला धरून, शालेय वयाच्या मुलांसाठी हजारो कार्यक्रम या संस्थेने केले. इथे लेखक, कॅमेरामन, संकलक, ध्वनिमुद्रक अशी माणसे पगारावर होती. शैक्षणिक चित्रफिती करणे ही एक नोकरी होती आणि त्या नोकरीत वर्षानुवर्षे राहून माणसाला विषय शिकता येत होता. या गोष्टीचे मोल आपण पुरेसे ओळखले नाही.

या कामाची मर्यादाही सांगितली पाहिजे. कार्यक्रम ठरलेल्या वेळी येई, आणि ती वेळ आपल्या तासाशी जुळेलच असे नसे. प्रकाशाचे परावर्तन शिकवून दोन महिने झाल्यावर ते पडद्यावर यायचे. वीज गेली की भाग गेला. आणि मुख्य म्हणजे तो थांबवता येत नसे. मूल हात वर करून 'पुन्हा दाखवा' म्हणाले तरी शिक्षकाच्या हातात काही नव्हते. त्यामुळे निवेदक सतत बोलत राही, कारण मधे गप्प राहणे म्हणजे प्रसारणाचा वेळ वाया घालवणे. ही सवय आज थांबवता येणाऱ्या चित्रफितींमध्येही उतरली आहे. पडदा आता आपल्या हातात आहे, तरी निवेदक श्वास घ्यायला थांबत नाही.

अनुदान आटल्यावर २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. विज्ञानप्रसारासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेली 'विज्ञान प्रसार' ही केंद्र सरकारची संस्थाही २०२३ मध्ये बंद झाली. ज्या तरुणांना या क्षेत्रात यायचे आहे, त्यांच्यापासून हे लपवण्यात अर्थ नाही. कायमची नोकरी देणारे मोठे घर आता फारसे उरलेले नाही. संस्था बंद होते तेव्हा तिच्यातील माणूस बरोबर काय घेऊन बाहेर पडतो, याला म्हणूनच महत्त्व आले आहे.

मिनिटाभराची खेळणी

दुसरे काम अगदी वेगळ्या मापाचे आहे. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांसाठी विज्ञान केंद्र आहे. २००३ ते २०१४ या काळात अरविंद गुप्ता तिथे होते. त्यांनी आणि त्यांच्या लहानशा गटाने टाकाऊ वस्तूंपासून करायच्या खेळण्यांच्या चित्रफितींचा मोठा साठा उभा केला. त्यातल्या बऱ्याचशा मिनिट-दोन मिनिटांच्या आहेत आणि त्यांचे निवेदन मराठीसह अनेक भाषांत केलेले आहे. त्या कोणालाही फुकट पाहता येतात.

समीक्षकाच्या नजरेने पाहिले तर त्यांचे यश साधेपणात आहे. साधी पार्श्वभूमी, दोन हात, कात्री, शीतपेयाची नळी. नळीचे टोक चपटे करायचे, दोन तिरके काप देऊन टोकदार करायचे आणि फुंकायचे, की पिपाणी वाजते. वाजवता वाजवता दुसऱ्या टोकाकडून नळी कापत जायची, की आवाज चढत जातो. हवेच्या स्तंभाची लांबी आणि स्वराची पट्टी यांचा संबंध कोणतीही व्याख्या न देता कानावर पडतो. चित्र हाताच्या वेगाने चालते, म्हणून ते बघता बघता मुलाला बरोबरीने करता येते. चित्रफीत संपल्यावर हातात पिपाणी उरते.

असे असले तरी माझी एक तक्रार आहे, आणि ती या प्रकारच्या सगळ्याच चित्रफितींबद्दल आहे. त्यांत प्रयोग पहिल्या फटक्यात यशस्वी होतो. साधी विद्युत मोटर घ्या. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि इनॅमल लावलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे. चित्रात वेटोळे गरगर फिरते, वर्गात ते नुसते हिंदकळते. कारण बहुधा तारेच्या टोकात असते. एका टोकाचे इनॅमल पूर्ण खरवडायचे असते, पण दुसऱ्या टोकाचे फक्त अर्ध्या बाजूचे. दोन्ही टोके पूर्ण खरवडली तर प्रवाह अखंड वाहतो, अर्ध्या फेरीनंतर बल उलट दिशेने लागते आणि वेटोळे मागे ओढले जाते. अर्धेच खरवडले तर प्रवाह अर्ध्या फेरीपुरता वाहतो आणि उरलेली फेरी वेटोळे आपल्या वेगाने पुरी करते. म्हणजे फसलेल्या मोटरीतच धडा आहे. चित्रफितीत आधी हिंदकळणारे वेटोळे दाखवून 'असे का झाले असेल?' असे विचारले आणि तिथे पाच सेकंद शांतता ठेवली, तर शिक्षकाचे निम्मे काम होईल. त्यासाठी फसलेले चित्रीकरण पुसून न टाकण्याचा मनाचा मोठेपणा हवा.

माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाशी या गटाचा आणखी एक संबंध आहे. इथे चित्रीकरण करणारे नुसते 'कॅमेरावाले' नव्हते. खेळणे शोधायचे, करून पाहायचे, ते मुलांसमोर मांडायचे आणि मग चित्रित करायचे, ही कामे तीच माणसे करत. या गटातील मनीष जैन यांनी पुढे आयआयटी गांधीनगरमध्ये अशाच कामाचे केंद्र उभे केले. एका संस्थेतून दुसरीकडे जाताना त्यांच्याबरोबर गेली ती विषयाची आणि मुलांची समज. कॅमेरा तर कुठेही विकत मिळतो.

ओवी कोणाची?

तिसरे उदाहरण वारशाच्या बाजूचे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी पुण्यात राहून १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे बर्नार बेल या संगीत-अभ्यासकाने ध्वनिमुद्रणाच्या आणि संगणकावरील नोंदींच्या कामात साथ दिली. हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी जमवल्या. हा साठा पुढे 'पारी' या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाकडे आला आणि मार्च २०१७ पासून तो प्रसिद्ध होऊ लागला. पारीच्या गटाने त्या गायिकांना पुन्हा शोधून काढले, त्यांच्या घरी जाऊन चित्रीकरण केले.

हे चित्रीकरण शक्य झाले, कारण ओवीबरोबर गायिकेचे नाव आणि गाव लिहून ठेवलेले होते, ओव्यांची विषयवार मांडणी झालेली होती. हे काम कंटाळवाणे असते, त्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही. पण ते झाले नसते तर वीस वर्षांनंतर कॅमेरा घेऊन जायचे कुठे आणि कोणाकडे? इथे चित्रफिती पाहताना गायिका 'एक ग्रामीण महिला' होत नाही. तिला नाव आहे, गाव आहे, आणि तिने गायलेली ओवी शब्दशः लिहून दिलेली आहे. वर्गात वापरणाऱ्या शिक्षकाला याहून वेगळे काय हवे?

या प्रकारच्या चित्रीकरणात एक धोका मात्र असतो. गावात विजेची गिरणी आल्यावर घरचे जाते कोपऱ्यात गेले. कॅमेऱ्यासाठी ते पुन्हा मांडले जाते, कधी मूठभर दाण्यावर, कधी रिकामेच. दळणाचा भार आणि ओवीची लय यांचे नाते असते. भार नसेल तर लयही थोडी बदलते. म्हणून 'हे दळण आज चित्रीकरणासाठी केले आहे' एवढे एक वाक्य अशा प्रत्येक चित्रफितीत असावे. विज्ञानाच्या प्रयोगात आपण परिस्थिती नोंदवतो, तशीच ही नोंद. वारशाच्या चित्रफितींत पुनर्निर्मिती खऱ्यासारखी दाखवण्याचा मोह फार असतो, आणि मुले पडद्यावरचे सगळे खरे धरतात.

तीन प्रश्न

या सगळ्यावरून मी वर्गासाठी तीन प्रश्न ठरवले आहेत. कोणतीही शैक्षणिक चित्रफीत दाखवण्याआधी ते विचारावेत.

पहिला : ही चित्रफीत कुठे थांबवता येईल? थांबण्याजोगी एकही जागा नसेल, तर ती भाषण आहे. दुसरा : ती संपल्यावर मुले काय करतील, काय मोजतील, कोणाला काय विचारतील? तिसरा : यात दाखवलेले कुठले, केव्हाचे आणि कोणाचे आहे, हे कळते का? बारवेच्या पहिल्या चित्रफितीला तिन्हींचे उत्तर 'नाही' असे येते. दुसरीला तिन्हींचे 'हो', हलणाऱ्या चित्रासकट.

पोटाचे काय?

आता त्या मुलीचा प्रश्न. तिला मी जे सांगितले, ते तुमच्याही एखाद्या विद्यार्थ्याला उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

शैक्षणिक आणि वारसा-संस्थांसाठी चित्रफिती करून पोट भरते, पण क्वचितच फक्त त्याच्यावर, आणि सुरुवातीची काही वर्षे तर नाहीच. संस्थांचे पैसे प्रकल्पागणिक येतात आणि प्रकल्पाबरोबर संपतात. या काळात लग्नाची चित्रीकरणे करावी लागली तर त्यात कमीपणा नाही. गर्दीत स्वच्छ आवाज कसा घ्यायचा आणि पुन्हा न होणारा क्षण कसा पकडायचा, हे तिथे शिकायला मिळते. कॅमेऱ्यावर पैसे घालण्याआधी चांगल्या मायक्रोफोनवर घालावेत. चित्र थोडे हलले तरी वर्ग समजून घेतो, पण शेवटच्या बाकावर शब्द पोहोचला नाही तर सारे वाया जाते.

दुसरी गोष्ट, एक विषय धरावा. पाणी, किल्ले, धातुकाम, पक्षी, काहीही. एका विषयावर पाच कामे केलेला माणूस संस्थेला सल्ला देऊ शकतो, नुसता मोबदला मागत नाही. संस्थेच्या कार्यकर्त्यांना मोबाइलवर चित्रीकरण शिकवणे, जुन्या ध्वनिफिती आणि छायाचित्रांची सूची करणे, मराठी उपशीर्षके लिहिणे, ही कामे संस्थांना हवी असतात आणि ती करणारी माणसे कमी असतात. चित्रफितीच्या दोन कामांमधले महिने त्यावर निघतात.

तिसरी, करार लेखी करावा. न वापरलेले चित्रीकरण कोणाकडे राहील, चित्रफीत शाळांना फुकट दाखवता येईल का, ज्यांचे चित्रीकरण केले त्यांना तिची प्रत मिळेल का, हे आधीच लिहून घ्यावे. अंदाजपत्रकात दुसऱ्या ऋतूतल्या फेरीचा आणि वर्गात दाखवून पाहण्याचा खर्च सुरुवातीलाच मांडावा. नंतर मागितला तर तो हट्ट ठरतो, आधी मांडला तर कामाचा भाग ठरतो. आणि प्रत्येक चित्रीकरणाबरोबर एक कागद ठेवावा : तारीख, ठिकाण, माणसाचे नाव, त्याची परवानगी. सगळ्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. संस्था राहो न राहो, साठा राहिला पाहिजे.

हे ऐकून ती म्हणाली, "म्हणजे सर, कॅमेरा निम्माही नाही." मी म्हटले, "प्रयोगवहीत तरी आकृती कुठे निम्म्याहून जास्त होती?"

आपल्या शिक्षकांचाही यात वाटा आहे. संस्था देखण्या चित्रफिती मागतात, कारण त्यांच्यापर्यंत फक्त देणगीदारांचे मत पोहोचते. वर्गाचे मत त्यांना कोणी कळवत नाही. एखादी चित्रफीत वर्गात लावल्यावर मुलांनी काय विचारले, कुठे ती गोंधळली, काय करून पाहिले, एवढे चार ओळींत लिहून ती करणाऱ्यांना पाठवले तर? आठवीच्या मुलांची ती दोन उत्तरे, 'शोभेसाठी' आणि 'राजाला बसायला', कळली म्हणून तर दुसरी चित्रफीत झाली.

यंदा ती एका नव्या संस्थेकडे दोन्ही चित्रफिती घेऊन गेली होती. बरोबर माझ्या वर्गातील मुलांच्या प्रश्नांची यादीही तिने नेली. संस्थेने तीन बारवांचे काम दिले आहे, प्रत्येकी दोन फेऱ्यांच्या खर्चासह. मोबदला फार नाही. पहिली फेरी सप्टेंबरात आहे आणि मोजायला आमच्या वर्गातील चार मुले बरोबर जाणार आहेत.